गव्हर्नर जेराल्ड आंजियर व मुंबईचें न्यायासन

इ. स. १६६१ च्या विवाहतहानें मुंबई बेट पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाकडे गेलें, व १६६८ सालीं दुसऱ्या चार्ल्स राजानें तें वार्षिक १० पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केलें, हें आपल्या वाचकांस विदित आहेच. परंतु राज्य बदललें म्हणून लोकांचे तंटे थांबत नाहींत. बेटावरील जुन्या कॅथलिक कुळांच्या वाड्या व वतनें ह्यांचा निवाडा आतां कोणीं व कोणत्या कायद्यानें करावा? हा प्रश्न ज्यांनीं हातीं घेतला ते गव्हर्नर जेराल्ड आंजियर होत.

१६६९ सालीं सर जॉर्ज ऑक्झेंडन सुरतेस निवर्तल्यावर आंजियरसाहेब त्यांच्या जागीं आले. पुढील वर्षारंभीं मुंबईस येऊन पाहतात तों अंमल कंपनीचा आणि कायदा पोर्तुगीजांचा! तो त्यांनीं एकाएकीं मोडला नाहीं. मुंबई व माहीम असे दोन विभाग करून प्रत्येकांत पांच न्यायाधिकारी नेमले व किरकोळ दावे त्यांजकडे सोंपविले; मोठे दावे डेप्युटी गव्हर्नर व कौन्सिल ह्यांच्यापुढें चालत.

१ ऑगस्ट १६७२ रोजीं मात्र पोर्तुगीज कायदा संपला. ज्याच्या आधारें आजे-पणजे जमिनी राखून होते तो एका जाहीरनाम्यानें गेला. लोकांच्या मनांत केवढी धाकधूक झाली असेल! ती आंजियरसाहेबांनीं ओळखली असावी, एरवीं ८ ऑगस्टचा समारंभ त्यांनीं इतक्या थाटानें केला नसता. अग्रभागीं हिरव्या पोषाखांतील ५० भंडारी दोन-दोनच्या रांगेनें. त्यांमागें हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती, प्रत्येक समाजाचे २०. मग घोड्यांवर इंग्रज व पोर्तुगीज चिटणीस, राजाची सनद शेल्यांत बांधून घेतलेले. पालखींत गव्हर्नर, आणि घोड्यावर न्यायाधीश जॉर्ज विलकॉक्स. स्वारी बाजारांतून कचेरींत पोहोंचली. तेथें गव्हर्नरांनीं न्यायाधीशांस बजाविलें कीं, बेटावर नाना देशांचे व धर्मांचे लोक असले तरी न्यायावर इंग्रजाइतकाच प्रत्येकाचा हक्क आहे.

हें नुसतें बोलणें नव्हतें. ज्यूरीची पद्धत सुरू झाली, आणि १६७४ च्या करारानें जमीनदारांनीं वर्षास २०,००० शेराफीं द्यावे असें ठरून जुना जमिनीचा वाद मिटला. त्याच वर्षीं विलकॉक्स वारले.

तथापि एक उणीव स्पष्ट सांगितली पाहिजे. निकालावर अपील गव्हर्नर व कौन्सिल ह्यांच्याकडेच जाई. कर बसविणारा व शेवटचा निवाडा देणारा एकच. आंजियरसाहेब होते तोंवर हें निभलें. ३० जून १६७७ रोजीं सुरतेस त्यांचा अंत झाला. पुढें सिद्दीच्या स्वारीनंतर, १६९० मध्यें, न्यायालय बंदच पडलें. तें १७१८ सालीं पुन्हां उघडलें, तेव्हां हिंदु, मुसलमान व पारशी ह्यांच्याबरोबर पोर्तुगीज ख्रिस्ती समाजाचाही एक प्रतिनिधि न्यायासनावर बसला; पण इंग्रज न्यायाधीशांच्या बरोबरीचा मान ह्या चौघांस मिळाला नाहीं.