आघाडीवर न गेलेला सेनापती

थोर सेनापतींची चरित्रे वाचताना आपली अशी समजूत होते की, हे पुरुष तरुणपणापासूनच तोफांच्या गडगडाटात वाढले असावेत. परंतु दुसऱ्या महायुद्धात पश्चिम युरोपातील दोस्त सैन्यांचे आधिपत्य ज्यांच्याकडे होते, त्या जनरल ड्वाइट आयझेनहॉवर यांचा वृत्तान्त याहून अगदी निराळा आहे. पहिल्या महायुद्धात आघाडीवर जाण्यासाठी त्यांनी जिवाचे रान केले. तथापि त्यांस शत्रूचे दर्शनसुद्धा घडले नाही. त्या निराशेच्या काळाची हकीकत आम्ही येथे विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

ड्वाइट यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९० रोजी अमेरिकेतील टेक्सास संस्थानात डेनिसन या गावी झाला. त्यांचे बालपण कॅन्सास संस्थानातील ॲबिलीन येथे गेले. वडील लोणी काढण्याच्या कारखान्यात नोकरीस होते. घरात सहा मुलगे आणि प्राप्ती बेताची. वडील बंधू एडगर यांच्या कॉलेजच्या खर्चास हातभार लागावा म्हणून ड्वाइट यांनी त्याच कारखान्यात काम केले. पुढे फीवाचून शिक्षण मिळेल या आशेने ते १९११ साली वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयात दाखल झाले. त्यांची आई आयडा ही मोठी धर्मनिष्ठ बाई होती व युद्ध हे तिला मनापासून अमान्य होते. तरी तिने मुलाची वाट अडविली नाही. १९१५ साली १६४ विद्यार्थ्यांत ६१ वा क्रमांक मिळवून ड्वाइट पायदळात अधिकारी झाले.

६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका युद्धात उतरली. ज्या प्रसंगासाठी चार वर्षे विद्या घेतली, तो प्रसंग आला असे या तरुण अधिकाऱ्यास वाटले. परंतु प्रथम त्यांच्या वाट्यास आले ते ५७ व्या पायदळ पलटणीच्या पुरवठ्याचे काम. तेथून त्यांस जॉर्जिया संस्थानातील छावणीत नव्या उमेदवारांस शिकविण्यास पाठविले व नंतर त्याच कामासाठी कॅन्सासमधील लेव्हनवर्थ येथे. सोबतचे मित्र फ्रान्सला निघाले होते. ड्वाइट अर्जांवर अर्ज करीत राहिले. अखेरीस आघाडीवरील नेमणूक तर नाकारली गेलीच, शिवाय ती वारंवार मागितल्याबद्दल युद्धखात्याकडून कडक शब्दांत समजही मिळाली. लढावयास जाण्याची इच्छा धरणे हा शिपायाचा अपराध कसा, हे त्यांस उमगेना. आणि ते मनातून फार संतापले.

१९१८ च्या आरंभी आशेचा किरण दिसला. मेरिलँडमधील मीड छावणीत रणगाड्यांची पलटण उभी राहत होती व ती लवकरच समुद्रापार जाणार होती. आपणच तिचे आधिपत्य करणार, असे ड्वाइट यांस सांगण्यात आले. जहाजांची व्यवस्था पाहण्यासाठी ते न्यूयॉर्कला जाऊन आले. मात्र ऐनवेळी हुकूम बदलला. तुमच्या अंगी माणसे जमविण्याची व त्यांस शिकविण्याची हातोटी आहे, तेव्हा तुम्ही येथेच राहा, असा त्याचा मथितार्थ होता. ज्या कामात त्यांनी कसूर केली नाही, तेच काम त्यांच्या पायातील बेडी झाले! पलटण फ्रान्सला गेली आणि २७ वर्षांचा हा कॅप्टन पेन्सिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे कोल्ट छावणीवर रुजू झाला. १८६३ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात जेथे हजारो माणसे पडली, त्याच रणभूमीवर ही छावणी होती.

रणगाड्यांची शाळा खरी, परंतु आरंभी तेथे एकही रणगाडा नव्हता! ड्वाइट यांनी मोटार लॉऱ्यांवर मशीनगन बसविल्या आणि चालत्या गाडीतून नेम धरण्याचा सराव सुरू केला. एप्रिलात बर्फ पडले तेव्हा तंबूंत ऊब नव्हती. त्यांनी गावात मिळतील तितक्या शेगड्या विकत घेतल्या. उन्हाळ्यात रणगाडा आला. छावणीतील शिपायांची संख्या वाढत वाढत १०,००० वर गेली. सप्टेंबरात इन्फ्लुएन्झाची साथ शिरली. आजाऱ्यांस निरोग्यांपासून वेगळे करून तंबूंत ठेवण्यात आले, तरीही १०० हून अधिक शिपाई दगावले. समुद्रापार न जाताही आपल्या हाताखालील तरुणांचे मृत्यू पाहणे त्यांच्या नशिबी आले.

त्यांच्या २८ व्या वाढदिवशी त्यांस लेफ्टनंट कर्नलचा तात्पुरता हुद्दा मिळाला आणि अखेर फ्रान्सला जाण्याचा हुकूमही हाती पडला. १८ नोव्हेंबर १९१८ ही निघण्याची तारीख ठरली. परंतु ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले. लाखो घरांत त्या दिवशी आनंद झाला, आणि तो योग्यच होता. ड्वाइट यांच्या मनात मात्र खिन्नता दाटली. युद्ध न पाहिलेला शिपाई म्हणून आपले आयुष्य कारकुनीत जाणार, ही भीती त्यांस ग्रासू लागली. ती अगदीच अनाठायी नव्हती; कारण पुढे १९२० पासून सुमारे सोळा वर्षे ते मेजरच्या हुद्द्यावरच राहिले. १९२१ च्या आरंभी तीन वर्षांचा मुलगाही आजाराने गेला. तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. ज्या लेव्हनवर्थ येथे त्यांस समज मिळाली होती, तेथील वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या विद्यालयात १९२६ साली त्यांनी पहिला क्रमांक पटकाविला.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका पुन्हा युद्धात पडली, तेव्हा जनरल मार्शल यांनी त्यांस वॉशिंग्टनच्या कचेरीत बोलाविले. पुन्हा मेजाशीच खिळून राहावे लागणार असे त्यांस वाटले. परंतु या वेळी त्यांनी कुरकुर न करता काम उरकले. जून १९४२ मध्ये त्यांची युरोपात नेमणूक झाली. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्याकडे पहिल्याच दिवशी सुमारे १,५६,००० शिपाई पाठवावयाचे होते. तेथे तलवारीपेक्षा जुळवाजुळव अधिक मोलाची होती; आणि काही नसताना सैन्य उभे करण्याचा धडा त्यांनी गेटिसबर्गला गिरविलेला होता. मोहीम फसली तर दोष सर्वस्वी आपला, असा कबुलीचा मजकूरही त्यांनी अगोदर लिहून ठेविला होता. तो वापरण्याची वेळ आली नाही. १९५३ ते १९६१ पर्यंत ते अमेरिकेचे अध्यक्ष होते व २८ मार्च १९६९ रोजी निवर्तले.

प्रत्येक निराशेच्या पोटी असे यश असतेच, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे खोटे ठरेल. आणि कोल्ट छावणीत ड्वाइट यांसही पुढचे काही दिसत नव्हते. संघात निवड न झालेल्या, मनासारखा वर्ग न मिळालेल्या मुलासही ते दिसत नाही. त्याची चडफड स्वाभाविक आहे. पालकांनी तिला हसू नये. मात्र ड्वाइट यांनी आपल्या रागाची शिक्षा हाताखालील शिपायांस दिली नाही. त्यांस ऊब हवी होती, शिक्षण हवे होते. ते त्यांनी दिले. नको असलेल्या जागीही आपल्यावर कोणीतरी विसंबून असते, एवढे ज्याने ओळखले, त्याचे ते दिवस वाया गेले असे कोण म्हणेल?