लक्ष्मीबाई टिळक आणि सुखाचा प्रश्न

ख्रिस्ती होऊन आम्हांस सुख ते काय मिळाले, हा प्रश्न खेड्यांतील मंडळ्यांत आमच्या कानी वारंवार पडतो. नाशिकास द्वारकेच्या चौकात, जेथे पुण्याचा रस्ता मुंबई-आग्रा रस्त्यास मिळतो, तेथे बाजारहाटासाठी उतरणारे आमचे बंधुभगिनीही एकमेकांस हेच विचारितात. आणि उपदेशक बंधूंस उत्तर देताना संकोच होतो, कारण पीक बुडणे, कर्ज वाढणे, भाऊबंद तुटणे हे बाप्तिस्म्यानंतरही चालूच राहते. या प्रश्नाच्या पोटी असे गृहीत धरलेले असते की, सुख हेच मनुष्यजन्माचे अंतिम साध्य होय. ते खरे काय, हे वादाने ठरविण्यापेक्षा याच जिल्ह्यातील एका बाईच्या चरित्रावरून पाहावे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ गोदातीरी जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांच्या आईच्या वडिलांस १८५७ च्या बंडात फाशी झाली, आणि त्या धक्क्याने मनकर्णिकेचे वडील सोवळ्याओवळ्याच्या इतके आहारी गेले की, बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घेईनात. हे गृहस्थ दुष्ट नव्हते. विटाळ टाळला म्हणजे जीव निर्भय होईल, अशी त्यांची समजूत असावी. पण त्यापायी घरच्या बायकामुलांचे हाल झाले, आणि त्यांस स्वतःस काही स्वस्थता लाभली नाही.

१८८० च्या सुमारास, अगदी बालवयात, त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. टिळक कवी, विद्वान, मनाचे उदार, पण तापट आणि एका जागी न टिकणारे. नोकऱ्या सुटत, बिऱ्हाडे मोडत. काही अपत्ये बालपणीच गेली. तरीही संसारसुखाची आशा बाईंनी सोडिली नव्हती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ती आशाही कोसळली. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरी लहानगा दत्तू, आणि लोकांची बोलणी. काही काळ पंढरपुरास, काही काळ अन्यत्र, अशी सुमारे पाच वर्षे पतिवियोगात गेली. शोकाने प्रकृती ढासळली.

पुढे त्या अहमदनगरास, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, टिळकांच्या जवळ राहावयास आल्या. परंतु चूल आणि पाण्याची भांडी निराळी ठेवून. आमच्या वाचकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. सुखच हवे असते, तर ते आता हाती आले होते. पती मिळाला, जातही राखली गेली. माहेरसासरची तोंडे काही अंशी तरी बंद झाली असती. पण बाईंचे मन तेथे थांबेना. हा उच्च व तो नीच हा भेद देवाने केला की माणसाने, या विचाराने त्यांस घेरिले. भेद माणसाचाच आहे असे एकदा पटल्यावर, कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय त्यांनी आपण होऊन केला. टिळकांच्या वादविवादाने जे झाले नव्हते, ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने झाले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सुखासाठी असे कोणी करीत नाही. जे खरे दिसले त्याच्याशी खोटे वागवेना, म्हणून केले.

ग्रीक तत्त्ववेत्ता अरिस्टॉटल याने सुखास अंतिम साध्य म्हटले खरे, पण सुख म्हणजे जन्मभर सद्गुणाने वागणे, असा त्याचा अर्थ होता. पोटभर अन्न आणि निश्चिंत झोप एवढाच नव्हे. आमच्या मते लक्ष्मीबाई त्याच्याही एक पाऊल पुढे गेल्या, कारण आपण सुखी आहो की नाही, हा हिशेब पुढे पुढे त्यांनी ठेविलाच नाही.

बाप्तिस्म्याने दारिद्र्य हटले नाही. टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे. बाजारास गेले तर भलतीच वस्तू घेऊन येत. घर परक्या मुलांनी भरलेले असे. कवी बालकवी ठोंबरे हेही त्यांतलेच. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास पत्करिला, तेव्हा घरखर्चाची चिंता पुन्हा बाईंच्या वाट्यास आली. त्यांस कोणी निमूट सोसणारी साध्वी म्हणून रंगवू नये. त्या रागावत, भांडत, आणि ती भांडणे त्यांनीच पुढे छापून प्रसिद्ध केली. दुःखासही त्यांनी साध्य मानिले नाही. आमचे काही प्रचारक क्लेशांचीच थोरवी गातात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. उलट, त्यांच्या स्मृतिचित्रांत उपासमार आणि वियोग यांच्या हकिकती वाचताना हसू आवरत नाही. ते हसू त्यांनी कोठे शोधावयास जाऊन आणिले नव्हते. हात कामात गुंतले असता ते आपसूक आले.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस निवर्तले. प्रभूच्या चरित्रावरील त्यांचे ख्रिस्तायन काव्य तेव्हा सुमारे दहा अध्यायांपर्यंतच झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या या विधवेने ते पुढे चालविले आणि ६४ अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांस देवाज्ञा झाली, तेव्हाही काव्याचा शेवट राहिलाच होता; तो त्यांचे पुत्र देवदत्त यांनी लिहून ग्रंथ पुरा केला.