मायकेल फॅराडे : थर्मिस्टरचा गुणधर्म पहिल्यांदा नोंदवणारे शास्त्रज्ञ

कडेगाव-पलूस भागातल्या अनेक शेतकरी घरांत दुधाचा जोडधंदा आहे. संकलन झालेले दूध नासू नये म्हणून ते सुमारे ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून ठेवतात. अशा थंड टाकीत, घरच्या फ्रिजमध्ये आणि ताप मोजायच्या डिजिटल तापमापकात तापमान ओळखण्याचे काम अनेकदा एक छोटासा मणी करतो. त्याला थर्मिस्टर म्हणतात. त्याच्यामागचा गुणधर्म १८३३ साली मायकेल फॅराडे यांनी नोंदवला होता.

लोहाराचा मुलगा

फॅराडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहार होते, पण आजारपणामुळे घरात नेहमी ओढाताण असे. शाळा जेमतेम झाली. १८०५ मध्ये ते एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे सात वर्षांसाठी उमेदवार म्हणून राहिले. बांधायला आलेली पुस्तके ते वाचून काढत. १८१२ मध्ये त्यांना हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकायला मिळाली. त्यांनी त्यांची टिपणे स्वतः बांधून डेव्हींना पाठवली, आणि १८१३ मध्ये ते रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाले. १८२१ मध्ये त्यांनी विजेच्या जोरावर तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधले. जनित्र आणि ट्रान्सफॉर्मर याच तत्त्वावर चालतात.

नियमात न बसणारा पदार्थ

१८३३ च्या सुरुवातीला फॅराडे बर्फाचे प्रयोग करत होते. पाण्यातून वीज जाते, पण त्याचा बर्फ झाला की जवळजवळ थांबते, असे त्यांना आढळले. मग त्यांनी अनेक क्षार वितळवून आणि गोठवून तपासले. बहुतेकांचे वागणे तसेच होते. सिल्व्हर सल्फाइड मात्र वेगळे निघाले. घन असतानाच ते दिव्यावर तापवले की त्यातून वीज अधिक वाहू लागे आणि थंड केले की कमी होई. धातूंचे नेमके उलट असते. तांबे तापले की त्याचा विद्युतरोध वाढतो.

हा अपवाद त्यांनी बाजूला टाकला नाही. तो आपल्या शोधनिबंधात प्रसिद्ध केला. अर्धवाहक पदार्थांच्या वागण्याची ही पहिली नोंद मानली जाते. असे का होते, हे कळायला मात्र विसाव्या शतकातले अणूंचे ज्ञान यावे लागले.

नोंदींचा आधार

१८४० च्या सुमारास फॅराडे यांची प्रकृती बिघडली आणि स्मरणशक्ती दगा देऊ लागली. पण प्रत्येक प्रयोग क्रमांक घालून लिहायची त्यांची सवय होती. त्यांच्या रोजनिशीतले परिच्छेद १६ हजारांच्या वर गेले. सरदारकी आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.

सल्फाइडपासून स्पिनेलपर्यंत

वापरण्याजोगे थर्मिस्टर १९३० नंतर बनू लागले. आज त्यांत प्रामुख्याने मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांची ऑक्साइडे असतात. त्यांची भुकटी दाबून हजार अंशांहून जास्त तापमानाला भाजली की स्पिनेल नावाच्या रचनेचे स्फटिक तयार होतात. या रचनेत ऑक्सिजनच्या जाळीत धातूच्या आयनांसाठी दोन प्रकारच्या जागा असतात. शेजारच्या मँगनीज आयनांमध्ये इलेक्ट्रॉन उड्या मारतात आणि उष्णतेने या उड्या वाढतात. म्हणून एका अंशाला रोध साधारण ३ ते ५ टक्क्यांनी घटतो. तांब्याचा रोध एका अंशाला जेमतेम ०.४ टक्के बदलतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही निकेल मँगनाइटच्या थरांवर असे संशोधन झाले आहे.

मणी जुना झाला की

भाजलेला मणी म्हणजे सूक्ष्म कणांचा घट्ट गोळा असतो. मणी दीर्घकाळ गरम राहिला तर काही आयन हळूहळू जागा बदलतात. कणांच्या सीमांवरून आणि छिद्रांतून हवेतला ऑक्सिजन आत शिरतो. त्यामुळे बहुधा रोध वाढत जातो. एका अंशाला ४ टक्के बदल धरला, तर रोधात २ टक्के वाढ म्हणजे अर्ध्या अंशाची चूक. रोध वाढला की मापक खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. म्हणजे आकडा ४ दिसत असला तरी दूध त्याहून गरम असते.

यावर उपाय म्हणून मणी कमीत कमी छिद्रांचा बनवतात, त्यावर काचेचे आवरण देतात आणि विकण्यापूर्वी काही काळ तापवून त्यातला सुरुवातीचा बदल उरकून घेतात. तरीही अधूनमधून पडताळणी लागतेच. सर्वांत सोपी पद्धत म्हणजे स्वच्छ बर्फाचा चुरा थोड्या पाण्यात कालवून त्यात मापक बुडवणे. काही मिनिटांनी आकडा शून्यावर स्थिरावला नाही, तर जितका फरक दिसतो तितकी त्या तापमानाजवळ मापकाची चूक समजावी.