मधुमेह नसताना इन्सुलिन कशाला?

जळीत विभागातील एखाद्या आजोबांना इन्सुलिन सुरू केले की नातेवाईक हमखास विचारतात, ‘त्यांना तर शुगर नाही!’ या प्रश्नाचे उत्तर देताना मला फ्रेडरिक बँटिंग आठवतात.

बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, शेतकरी कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर होते. १९१८ मध्ये हाताला जखम झाली, तरी ते इतर जखमींवर उपचार करत राहिले. युद्धानंतर दवाखाना टाकला, पण रुग्ण फिरकत नसत. म्हणून त्यांनी अर्धवेळ शिकवणे स्वीकारले. ऑक्टोबर १९२० मध्ये व्याख्यानाची तयारी करताना स्वादुपिंडावरील एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि मधुमेहावरील औषधाची कल्पना सुचली.

१९२१ च्या उन्हाळ्यात टोरोंटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी चार्ल्स बेस्ट या विद्यार्थ्यासह कुत्र्यांवर प्रयोग केले. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिले इंजेक्शन दिले, पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप यांनी औषध अधिक शुद्ध केले आणि दुसऱ्या खेपेस मुलगा सावरला. १९२३ चे नोबेल बँटिंग व मॅक्लिऑड यांना मिळाले. बँटिंग यांनी आपली अर्धी रक्कम बेस्टना दिली. पेटंटवर स्वतःचे नाव घालायला ते सुरुवातीला तयार नव्हते. सहकाऱ्यांनी ते विद्यापीठाला एकेका डॉलरला दिले. फेब्रुवारी १९४१ मध्ये विमान अपघातात बँटिंग गेले.

आता आजोबांकडे येऊ. मोठ्या भाजण्यानंतर शरीरात ताणाची संप्रेरके उसळतात. साखर वाढते, इन्सुलिनला पेशी दाद देत नाहीत आणि स्नायू झिजतात. म्हातारपणी स्नायूंची शिल्लक आधीच कमी असते. साखर चढी राहिली तर जंतुसंसर्ग बळावतो, जखम भरत नाही. म्हणून इन्सुलिन. मोठा धोका साखर एकदम खाली जाण्याचा. वयस्कांना तो अधिक.

त्यामुळे मधुमेहाची जुनी गोळी मेटफॉर्मिन इथे वापरता येईल का, हे तपासले जात आहे. २०१६ मध्ये बँटिंग यांच्याच टोरोंटोतून आलेल्या एका लहान अभ्यासात तिने साखर आटोक्यात राहिली आणि ती फार उतरण्याचे प्रसंग कमी दिसले. मात्र मूत्रपिंड बिघडले असेल तर ही गोळी धोक्याची, आणि भाजलेल्या वृद्धांत ते बिघडायला वेळ लागत नाही. मोठे अभ्यास अजून हवेत.

तोवर भाजलेल्या माणसाला इन्सुलिन लावले तर घाबरू नका, ते आपल्या मनाने बंद करायला सांगू नका आणि घरातली मधुमेहाची गोळी त्याला देऊ नका.