गुलामाचा पणतू आणि त्याचे चर्च

आमच्या सभा-संमेलनांतून मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव नेहमी घेतले जाते. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनच्या त्यांच्या भाषणाचे दाखले वक्तृत्वस्पर्धेतली पोरेही देतात. परंतु हा माणूस पेशाने चर्चचा पाळक होता, त्याचा बाप पाळक, आईचा बाप पाळक आणि त्याचाही बाप प्रवचनकार, हे सांगताना आमचे वक्ते जरा अडखळतात. त्याचे कारण उघड आहे. ज्या धर्माने गुलाम केले तो धर्म सोडल्याशिवाय गुलामी सुटत नाही, हा आमचा अनुभव. मग मालकाचाच धर्म उराशी धरून चार पिढ्या मालकाच्या व्यवस्थेशी लढलेल्या या घराण्याचे करायचे काय? आम्हाला वाटते, हा प्रश्न टाळण्यापेक्षा या घराण्याची कहाणी नीट पाहावी.

कहाणी सुरू होते ती जॉर्जिया राज्यातल्या ग्रीन कौंटीत. तिथे विलिस विल्यम्स नावाचा एक गुलाम होता. मालकाचे आडनाव तेच गुलामाचे आडनाव. शायलो बॅप्टिस्ट चर्चमध्ये मालकही येई आणि गुलामही. गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा त्या राज्यात कायद्याने गुन्हा होता, म्हणजे शूद्राच्या कानात शिसे ओतणारे काही फक्त आपल्याच देशात जन्मले नव्हते! गोरे उपदेशक या लोकांना बायबलातले एवढेच सांगत की, गुलामाने धन्याची आज्ञा पाळावी. पण त्याच ग्रंथात मोशेची गोष्ट आहे. मिसरच्या राजाच्या वेठबिगारीतून अख्खी जमात बाहेर काढणाऱ्या मोशेची. धन्याने एक पान दाखवले आणि गुलामाने दुसरे पान तोंडपाठ केले. विलिस विल्यम्स हे अशाच गुलामीच्या काळातले प्रवचनकार. १८६५ मध्ये अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली. त्या लढ्यात झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना जोतीराव फुल्यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ मध्ये अर्पण केले, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

विलिसचा मुलगा ॲडम डॅनियल विल्यम्स. गुलामी संपण्याच्या सुमारास जन्मलेला हा मुलगा बापाची नक्कल करीत लहानपणी प्रवचने देई, असे घरात सांगत. १८९३ मध्ये तो अटलांटा शहरात आला आणि १८९४ च्या मार्चमध्ये इबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचा पाळक झाला. तेव्हा या चर्चचे सभासद किती? अवघे १३. दोन दशकांत ती संख्या साडेसातशेच्या घरात गेली.

या विल्यम्सची गोष्ट आमच्याकडे कुणी सांगत नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. या पाळकाने स्वर्गाच्या गोष्टी सांगून लोकांच्या खिशाला हात घातला नाही. १९१८ मध्ये तो कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या अटलांटा शाखेचा अध्यक्ष झाला. शहरात कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही सरकारी हायस्कूल नव्हते. पालिका शाळांसाठी कर्जरोखे काढी, पैसा गोऱ्यांच्या शाळांवर खर्च होई. विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या लोकांची मतदार म्हणून नोंदणी केली आणि आमची शाळा नाही तर तुमच्या कर्जरोख्यांना आमचे मत नाही, असा पवित्रा घेतला. १९२४ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूल उभे राहिले. त्याच शाळेत पुढे त्यांचा नातू शिकला. चर्च, मत आणि शाळा या तीन गोष्टी एकाच माणसाच्या हातात होत्या. श्रद्धेचा वारसा म्हणतात तो आम्हाला इथे दिसतो. नातवाला आजोबांनी प्रार्थना तर दिलीच, शाळाही दिली.

विल्यम्स यांच्या एकुलत्या लेकीने, आल्बर्टाने, १९२६ मध्ये मायकेल किंग या तरुणाशी लग्न केले. हा मायकेल स्टॉकब्रिजजवळच्या एका कुळाचा मुलगा. दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीने राबणारे, दारूच्या आहारी गेलेले वडील, आणि चर्चला घट्ट धरून राहिलेली आई. अटलांटाला आला तेव्हा वय विशीचे आणि वाचन अगदी कच्चे. मोठेपणी लहान पोरांच्या इयत्तेत बसून तो शिकला, १९३० मध्ये मोअरहाऊस कॉलेजची पदवी घेतली आणि १९३१ मध्ये सासरे वारल्यावर इबेनेझरचा पाळक झाला. १९३४ मध्ये बॅप्टिस्टांच्या जागतिक परिषदेसाठी तो जर्मनीला गेला. पोपच्या सत्तेला आव्हान देणाऱ्या ल्यूथरचा तो देश. परत आल्यावर त्याने स्वतःचे आणि पाच वर्षांच्या मुलाचे मायकेल हे नाव बदलून मार्टिन ल्यूथर केले. नाव बदलण्यात काय अर्थ असतो, हे ज्यांच्या आज्या-पणज्यांची नावे धोंडी-दगडी होती त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

हा मुलगा म्हणजे आपले डॉ. किंग. जन्म १५ जानेवारी १९२९, आजोबांच्याच घरात. सहा वर्षांचा असताना त्याच्या गोऱ्या सवंगड्याच्या आईबापांनी दोघांचे खेळणे बंद केले. पोर रडत घरी आले. आल्बर्टाने त्याला जवळ घेऊन गुलामगिरी सांगितली, वेगळे नळ, वेगळ्या शाळा सांगितल्या आणि तू कुणापेक्षाही कमी नाहीस हेही सांगितले. आमच्या किती आयांनी हे काम केले आहे! पुढे एकदा चपलांच्या दुकानात मागच्या खुर्च्यांवर बसायला सांगितले म्हणून बाप मुलाचा हात धरून जोडे न घेताच बाहेर पडला. हे पाहिलेल्या मुलाला बायबल वेगळे शिकवावे लागले नसेल.

तरीही हा मुलगा मुकाट्याने मान डोलावणारा नव्हता. सातव्या वर्षी चर्चचा सभासद झाला तो थोरली बहीण झाली म्हणून, तिच्या मागे राहायला नको म्हणून. बाराव्या-तेराव्या वर्षी त्याने रविवारच्या शाळेत येशू देहासह पुन्हा उठला यावरच शंका घेतली. पाळकाचा मुलगा, भर वर्गात! चर्चमधले टाळ्या वाजवणे, ओरडणे, अंगात आल्यासारखे डोलणे त्याला नको वाटे. वकील व्हावे, डॉक्टर व्हावे असे मनात होते. १५ व्या वर्षी मोअरहाऊसमध्ये गेल्यावर बेंजामिन मेज हे प्राचार्य भेटले. शिकलेला, विचार करणारा माणूसही पाळक असू शकतो हे त्यांच्याकडे पाहून पटले, आणि १९४८ च्या फेब्रुवारीत किंग यांना पाळकाची दीक्षा मिळाली. म्हणजे घरचा वारसा त्यांनी घेतला तो घराबाहेरच्या एका मास्तरांच्या हातून. त्यानंतर क्रोझर आणि बोस्टन येथे शिक्षण, १९५५ मध्ये डॉक्टरेट.

पण वारसा खऱ्या अर्थाने त्यांचा झाला तो २७ जानेवारी १९५६ च्या रात्री. मॉन्टगोमेरीतला बसवरचा बहिष्कार सुरू होऊन दोन महिने होत आले होते. मध्यरात्रीच्या सुमारास फोन वाजला. गाव सोडा, नाहीतर घर उडवू, अशी धमकी होती. आत पत्नी कोरेटा आणि सव्वादोन महिन्यांची लेक झोपलेली. किंग स्वयंपाकघरात आले, कॉफी केली, टेबलाशी बसले. पुढे अनेक प्रवचनांतून त्यांनी या रात्रीविषयी सांगितले. तोपर्यंत धर्म म्हणजे वडिलांकडून आलेली वस्तू होती. पण वडील दीडशे मैलांवर होते आणि या वेळी त्यांना हाक मारून भागणार नव्हते. २७ वर्षांच्या त्या तरुणाने भीती कबूल केली, आपण खचलो आहोत हे कबूल केले, आणि तिथे त्याला आपला देव स्वतःचा म्हणून सापडला. आम्ही देव मानणारे नाही. परंतु हातची कॉफी निवत असताना एक माणूस उधारीचा धर्म नाकारून स्वतःचा निर्णय करतो, या गोष्टीपुढे आम्ही मान तुकवतो. तीनच दिवसांनी घरावर खरोखरच बॉम्ब पडला. माणसे वाचली.

त्यानंतर बापलेकांत जे झाले तेही ऐकण्यासारखे आहे. थोरल्या किंगनी मुलाला अटलांटाला थांबवायचा घाट घातला. फेब्रुवारीत शहरातले जाणते लोक घरी बोलावले, त्यांनी पोराला समजवावे म्हणून. मुलाने सांगितले की मी परत जाणार. मेज यांनी मुलाची बाजू घेतली. बाप हरला आणि मग त्याच बापाने गाडी काढली व मुलासोबत मॉन्टगोमेरीला गेला. ३८१ दिवसांनी बहिष्कार जिंकला. त्याच १९५६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी नागपुरात जन्माने मिळालेला धर्म टाकला. किंग यांनी जन्माने मिळालेला धर्म पुन्हा निवडला. रस्ते उलटे आहेत, पण निवड दोघांनीही केली. आमच्या घरांत आज चौथी पिढी त्रिशरण म्हणते. तिने ही निवड कधी केली, हा प्रश्न आम्ही आमच्या पोरांना विचारतो का?

१९५९ मध्ये किंग भारतात आले. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन दोन वर्षे उलटली होती, त्यामुळे भेट होणे नव्हते. १९६५ च्या जुलैमध्ये इबेनेझरमधल्या प्रवचनात किंग यांनी सांगितले की, त्रिवेंद्रमच्या एका शाळेत, जिथे अस्पृश्यांची मुले शिकत होती, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतला अस्पृश्य अशी करून दिली. आधी त्यांना धक्का बसला, मग विचार करता ते खरे आहे हे पटले. त्यांच्या गुरूंना, मेज यांनाही, म्हैसूरकडे आधी असाच अनुभव आला होता. या दौऱ्यात किंग गांधीवाद्यांच्याच मांडवात फिरले, हे आम्हाला खटकते आणि खटकत राहील. बाबासाहेबांनी मात्र १९४६ मध्येच कृष्णवर्णीयांचे विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहून हे नाते जोडले होते.

स्वतःच्या धर्मबंधूंनाही किंग यांनी सोडले नाही. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी जे जाहीर पत्र लिहिले, ते धीर धरा म्हणणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना. चर्च अन्यायाबद्दल गप्प बसते याचे दुःख त्यात आहे. आपल्याकडे नगर-जालन्याच्या भागात आमच्याच भावकीतली कितीतरी घरे ख्रिस्ती आहेत. १९५० च्या आदेशाने त्यांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले, आणि कित्येक ठिकाणी चर्चने त्यांच्यासाठी स्मशानभूमीही वेगळी ठेवली. त्यांनी हे पत्र जरूर वाचावे.

शेवट सर्वांना ठाऊक आहे, पण तो कुणासाठी झाला हे विसरले जाते. मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन सफाई कामगार यंत्रात चिरडून मेले. १३०० कामगार संपावर गेले. त्यांच्यासाठी किंग मेम्फिसला गेले आणि ४ एप्रिलला गोळी लागून पडले. वय ३९.

वर्षभराने धाकटा भाऊ, तोही पाळक, पोहण्याच्या तलावात मृतावस्थेत सापडला. ३० जून १९७४ च्या रविवारी इबेनेझरमध्ये प्रार्थना सुरू असताना ऑर्गन वाजवणाऱ्या आल्बर्टावर एका तरुणाने गोळ्या झाडल्या. ख्रिस्ती लोक आपले शत्रू आहेत असे तो म्हणत होता, आणि तो स्वतः कृष्णवर्णीय होता. त्याला फाशीची शिक्षा झाली. किंग कुटुंबाचा फाशीला विरोध होता, आणि पुढे ती शिक्षा जन्मठेपेत बदलली.

बाप मरताना पाच वर्षांची असलेली धाकटी लेक बर्निस पुढे पाळक झाली. १९९० मध्ये तिला दीक्षा मिळाली. स्त्रीला व्यासपीठ मिळायला या घराण्यालाही इतका काळ लागला! २००४ मध्ये तिने समलिंगी विवाहाच्या विरोधातल्या मोर्चात भाग घेतला, तर आई कोरेटा समलिंगी माणसांच्या हक्कांच्या बाजूने उभी होती. एकाच घरात एकाच बायबलाचे दोन अर्थ.

इबेनेझरचे व्यासपीठ मात्र थोरल्या किंगनी १९७५ मध्ये सोडले तेव्हा ते घराण्याबाहेर गेले. आमच्याकडे नेत्यांच्या खुर्च्या कशा ठरतात हे पाहणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. विल्यम्स, बाप आणि लेक यांच्या ८१ वर्षांनंतर तिथे जोसेफ रॉबर्ट्स आले, २००५ मध्ये राफाएल वॉर्नॉक आले. सार्वजनिक वसाहतीत वाढलेला, १२ भावंडांतला ११ वा असा हा पाळक २०२१ च्या जानेवारीत जॉर्जियातून निवडून आलेला पहिला कृष्णवर्णीय सिनेटर ठरला. त्याची आई तरुणपणी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचीत असे.