नामदार गोखले आणि १८९७ ची माफी

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आपल्या मंडळाच्या सभांतून पुष्कळदा घेतले जाते. ते आपल्या ज्ञातीचे होते याचा अभिमान आपण बाळगतो, आणि तो स्वाभाविकही आहे. परंतु त्यांच्या चरित्रातील जो प्रसंग आम्हांस सर्वांत मोठा वाटतो तो व्यासपीठावरून क्वचितच सांगितला जातो. कारण त्यात विजय नाही, माफी आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. १८७९ साली वडील वारले. तेव्हा वडील बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातील आठ रुपये दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठविले. असे गोविंदराव आपल्याही घराघरांत होऊन गेले. त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. १८८४ साली पदवी घेऊन गोपाळराव पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले व पुढे फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून वर्षानुवर्षे चालले. सार्वजनिक कार्याचे धडे त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांपाशी घेतले. आकडा पारखून घ्यावा, पुराव्यावाचून ओळ लिहू नये, अशी ती कडक शाळा होती.

१८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले. हिंदुस्थानच्या खर्चासंबंधीची त्यांची साक्ष उत्तम वठली. त्याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले होते आणि गोऱ्या सोजिरांची पथके घरे तपासीत फिरत होती. सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचा मजकूर मित्रांच्या पत्रांतून गोखल्यांस कळला व त्यांनी तो तेथील वृत्तपत्रापुढे मांडला. मुंबई सरकारने साफ इन्कार केला. इकडे २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली आणि वातावरण कमालीचे तापले. परत आल्यावर गोखल्यांनी पुरावा शोधला. पण पत्रलेखक पुढे येण्यास धजेनात. त्यांची नावे सांगून आपली सुटका करून घेणे गोखल्यांच्या हाती होते. त्यांनी नावे सांगितली नाहीत; आणि जे सिद्ध करता येत नाही ते हट्टाने धरूनही ठेवले नाही. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांची आणि सैनिकांची त्यांनी बिनशर्त माफी मागितली.

लोकांनी त्यांस भित्रे ठरविले. तरुणपणी हा प्रसंग वाचून आम्हीही खट्टू झालो होतो. प्लेगच्या तपासणीत लोकांचा छळ झाला हे खोटे नव्हते. मग इतके नमते का घ्यावे, असे वाटे. पस्तीस वर्षे वर्गात काढल्यावर आमचे मत पालटले. कोणाच्या तरी सांगण्यावरून एका मुलास आम्ही एकदा शिक्षा केली. तो निर्दोष निघाला. वर्गासमोर आपली चूक कबूल करण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. आमच्यापुढे चाळीस मुले होती. गोखल्यांपुढे सारा देश होता.

माफीनंतर ते घरी बसले नाहीत. प्लेगच्या पुढील साथीत स्वयंसेवक म्हणून राबले, आणि १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलू लागले. मिठावरील कर उतरावा म्हणून त्यांनी सातत्याने मागणी केली, आणि तो १९०३ पासून टप्प्याटप्प्याने उतरलाही. साम्राज्यांतर्गत स्वराज्य हे त्यांचे ध्येय होते. परंतु ते पेलणारा नागरिक आधी तयार व्हावा, हा त्यांचा आग्रह. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर त्यांनी फाजील विसंबून राहिले असे म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालणार नाही.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापिला. सभासदांस सात शपथा घ्याव्या लागत. देशाचा विचार प्रथम, स्वतःसाठी द्रव्यार्जन नाही, आणि जात वा धर्म न पाहता सर्व हिंदी लोक बंधू. या शेवटच्या शपथेपाशी ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहिणाऱ्याची लेखणी क्षणभर अडते. १९०३ साली धारवाडच्या सामाजिक परिषदेत अस्पृश्य मानलेल्यांच्या उन्नतीसाठी ते बोलले होते, हेही येथे नमूद करणे प्राप्त आहे.

१९११ साली त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेची सक्ती करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांस द्यावा, एवढीच माफक मागणी. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पडणार हे गोखल्यांस ठाऊक होते. तरीही एकेका आक्षेपास त्यांनी आकड्यांनिशी उत्तर दिले. शिक्षणाच्या हक्काचा कायदा देशास मिळाला तो २००९ साली.

मधुमेहाने प्रकृती खचली होती. १९१४ साली देऊ केलेला 'सर' हा किताब त्यांनी नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. लोकमान्य टिळक सिंहगडावरून तातडीने आले. आणि ज्यांच्याशी वर्षानुवर्षे वाद घातला त्यांच्या चितेजवळ उभे राहून, त्यांचा कित्ता गिरवा असे त्यांनी जमलेल्या लोकांस सांगितले.