मीठ खात्यातले साहेब फुलपाखरांच्या अळ्या का पाळायचे?

एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म १८५१ साली साताऱ्यात झाला. वडील मिशनरी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवून १८७६ मध्ये ते कस्टम आणि मीठ खात्यात लागले. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांत तेही होते.

तेव्हा फुलपाखरांचा अभ्यास म्हणजे बहुतेक वेळा जाळीने पकडायचं आणि टाचणीला लावायचं. पण उडणारं फुलपाखरू कुठेही सापडतं. ते माळाचं की जंगलाचं, हे अळी सांगते. कारण बहुतेक अळ्या ठरावीक झाडांचाच पाला खातात.

म्हणून कारवार जिल्ह्यात एटकेन, कलेक्टर डेव्हिडसन आणि वनाधिकारी बेल यांनी अळ्या पाळल्या, कोण काय खातं ते टिपलं. १८९६ पासून ही माहिती सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आली.

१९०९ मध्ये एटकेन एडिनबर्गला वारले. पण त्यांची पद्धत आजही कामाची आहे. घोडेगावहून तळेघरमार्गे भीमाशंकरला जाताना आधी उघडा माळ लागतो, मग दाट जंगल. माळावरच्या रुईवर प्लेन टायगर वाढतो, तर लिंबाच्या कुळातल्या झाडांवर आपलं राज्य फुलपाखरू ब्ल्यू मॉरमॉन.

फक्त जंगल राखून भागणार नाही. ज्याला आपण पडीक म्हणतो, तो माळही कुणाचं तरी घर आहे.